निर्विवाद संमती

स्वतः घडवलेल्या वाक्यात स्वतःचेच मूल अडकलेले पाहण्याचा प्रसंग फार थोड्या माणसांवर येतो. प्राध्यापक रत्नपाल ढोके यांच्यावर तो एका मंगळवारी, सकाळी पावणेअकरा वाजता, नागपूरच्या रक्तजनुक संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर आला.

काचेपलीकडे त्यांची मुलगी उत्पला खुर्चीवर ताठ बसली होती. धातूच्या बारीक टिकल्या जडवलेली पांढरी टोपी तिच्या डोक्यावर होती आणि समोरच्या पडद्यावर प्रश्न उमटला होता : या चाचणीत सहभागी होण्यास तुझी संमती आहे का?

"हो. आहे," उत्पला म्हणाली.

आवाजात कंप नव्हता, घाई नव्हती. पण पडद्याच्या कोपऱ्यातला काटा ती बोलण्याआधीच उठला होता आणि बोलून झाल्यावरही खाली यायला तयार नव्हता. तो त्रेसष्टावर स्थिरावला. मर्यादा चाळीसची होती.

"सर, मला खरंच वाईट वाटतंय," डॉ. अन्वी तारे म्हणाल्या. चाचणीची सारी सूत्रे त्यांच्याकडे होती. "पण नियम अकरा..."

"ती हो म्हणाली. तुम्ही ऐकलंत. मी ऐकलं."

"ऐकलं ना. पण नियम अकरा, पोटकलम तीन."

पुढचे वाचून दाखवण्याची गरज नव्हती. ढोक्यांना ते पाठ होते. 'अठरा वर्षांखालील व्यक्तीचा तोंडी होकार आणि यंत्राची नोंद यांत तफावत आढळल्यास यंत्राची नोंद ग्राह्य धरावी; कारण मुलाचा होकार हा पुष्कळदा मोठ्यांच्या इच्छेचा प्रतिध्वनी असतो.' हे वाक्य त्यांचे होते. त्यातल्या अर्धविरामासाठीही त्यांनी नीतिसमितीत वीस मिनिटे वाद घातला होता आणि तो जिंकला होता.

उत्पला टोपी काढून, केस सारखे करीत बाहेर आली.

"किती?"

"त्रेसष्ट."

"बाप्पा! बारावीला इतके पडले असते तर तुम्ही घरात घेतलं नसतं," ती म्हणाली आणि हसली. बाप हसला नाही, हे पाहून मग तीही थांबली.

उत्पलाला सिकलसेल होता. निरोगी माणसाची तांबडी पेशी मऊ चकतीसारखी असते आणि केसाहून बारीक नलिकेतूनही अंग चोरून निघून जाते. उत्पलाची पेशी प्राणवायू सोडताच विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि नलिकेच्या तोंडाशी अडकते. मग मागच्या अडतात, आणि जिथे रक्त पोहोचत नाही तिथले हाड आतून ओरडू लागते. वर्षातून चार-पाच वेळा तिला असा झटका येई, आणि प्रत्येक झटका प्लीहा, मूत्रपिंड, डोळे यांपैकी कशाचा तरी थोडा भाग घेऊन जाई. संस्थेने शोधलेला उपाय असा होता : रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढायच्या, गर्भात असताना चालू असलेले आणि जन्मानंतर बंद पडलेले रक्तद्रव्याचे, म्हणजे हिमोग्लोबिनचे, जनुक त्यांत पुन्हा जागे करायचे, जुनी मज्जा औषधाने जाळून टाकायची आणि सुधारलेल्या पेशी तिच्या जागी पेरायच्या. अवयव फारसे झिजण्याआधीच हे करून पाहायचे म्हणून चाचणी फक्त चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी होती. उत्पलाला अठरा पूर्ण व्हायला नऊ आठवडे उरले होते. त्यानंतर तिचा शब्द कायद्याने पुरेसा ठरणार होता आणि चाचणीचे दार तिच्यासाठी बंद होणार होते. प्रौढांची चाचणी लवकरात लवकर पाच वर्षांनी सुरू व्हायची होती. तोवर तिचे किती अवयव शाबूत राहतील, याचे उत्तर कोणी देत नव्हते.

यंत्राची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ते कोणा दुष्टाने बनवलेले नव्हते. सहा वर्षांपूर्वी एका वसतिगृहातल्या शंभराहून अधिक मुलांनी एका लसीच्या चाचणीला होकार दिला होता. पुढे चौकशी झाली तेव्हा बहुतेकांनी सांगितले की, वॉर्डनसमोर 'नाही' म्हणण्याची तिथे पद्धतच नव्हती. त्या प्रकरणाने सारे हादरले. तेव्हा हे संमतीमापक पुढे आले. माणूस एक बोलत असताना त्याच्या आत दुसरे काही उसळत असेल, तर कपाळामागच्या एका भागात ठरावीक लयीच्या विद्युतलहरी वाढतात, बाहुल्या रुंदावतात, घशाचे स्नायू आवळतात. हे यंत्र टोपीतून आणि पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून या तिन्हींची मोजदाद करून शंभरापैकी एक आकडा देई. त्याला 'अंतर्विरोध' म्हणत. आकडा मोठा असेल, तर तो होकार मनापासूनचा नाही असे समजावे, हे सर्वांना इतके उघड वाटले की ते सिद्ध करण्याच्या भरीस कोणी पडले नाही. तर्कशास्त्राचे प्राध्यापक म्हणून समितीवर घेतलेले ढोकेसुद्धा पडले नाहीत.

नियम करण्यापूर्वी संस्थेने चाळीस मुलामुलींना बोलावून त्यांची मते विचारली होती. चौदा वर्षांची उत्पलाही त्यांत होती. मुले भरभरून बोलली. आईबाबांना बाहेर पाठवून मग आम्हाला विचारा, असे एकाने सांगितले. मधेच सोडता आले पाहिजे, आणि सोडले तर डॉक्टरांनी तोंड वाकडे करू नये, असे दुसरीने सांगितले. यंत्राबद्दल मात्र सगळ्यांचे एकमत होते. काटा दाखवायचा असेल तर आम्हाला दाखवा. तो का हलला हे आम्ही सांगू. पण शेवटचा शब्द आमचाच धरा. "भीती वाटते म्हणून आमचं हो खोटं कसं होईल?" एका मुलीने विचारले होते. "सुई टोचताना तुम्हाला नाही वाटत भीती?"

ढोक्यांनी या सभेचा गोषवारा सुरेख लिहिला. 'युवकांची मते प्रांजळ आहेत. तथापि ती भावनाप्रधान असल्याने धोरणास आधारभूत मानता येणार नाहीत.' मते अहवालाला जोडली गेली. त्या संध्याकाळी जेवताना उत्पलाने ताटावरून डोके वर न काढता म्हटले होते, "आई, ऐकलंस? मी आता परिशिष्ट क आहे."

ब्रह्मपुरीच्या त्यांच्या घरात एक रीत होती. कोणतीही गोष्ट ठरवण्याआधी तिचा पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे, जे आपल्याला हवे आहे त्याच्या विरुद्ध जितके काही बोलता येईल तितके आधी आपणच बोलायचे, तेही प्रतिपक्षाला हेवा वाटावा इतके चांगले. मग उत्तर द्यायचे. उत्तर टिकले तर हो म्हणायचे. सहल असो, महाविद्यालय असो, नाहीतर नवा पंखा असो, या दारातून गेल्यावाचून काही घरात येत नसे. सात वर्षांच्या उत्पलाला कुत्रा हवा होता. तिने अर्धा तास पूर्वपक्ष मांडला आणि शेवटी कुत्रा नको हे स्वतःलाच पटवून ती रडत झोपी गेली. आई कुंदाताई तो प्रसंग अजून विसरल्या नव्हत्या.

बापलेक नागपूरहून परतल्यावर त्या पातोड्या कापीत सारे ऐकत होत्या.

"पण काटा चढलाच कसा?" ढोके पुन्हा पुन्हा विचारीत होते. "मनात शंका होती, तर आधी बोलायला हवं होतंस."

"शंका नव्हती, बाबा. मी पूर्वपक्ष करत होते."

"म्हणजे?"

"टोपी घातली, प्रश्न आला. मग मी नेहमीसारखं केलं. औषधानं मज्जा जाळली आणि नवी रुजलीच नाही तर? पुढे मूल झालं नाही तर? जनुक चुकीच्या जागी कापलं गेलं तर? एकेक मुद्दा घेतला, नीट घेतला. एकेकाचं उत्तर दिलं. सगळी उत्तरं टिकली, तेव्हा हो म्हणाले. इतकं पक्कं हो मी आयुष्यात कधी म्हटलं नसेल."

कुंदाताईंनी सुरी खाली ठेवली. "म्हणजे शिकवलंही तुम्हीच आणि नापासही तुम्हीच केलं. काहून हो, प्राध्यापकसाहेब? एखादं पोर तरी असं सापडलं का तुमच्या समितीला, जे तुमच्या हातून वाढलं आणि त्या टोपीत पास झालं?"

ढोके समितीला द्यायच्या अर्जाचा मसुदा लिहायला बसले.

समितीपुढे ते अर्ज घेऊन उभे राहिले, तेव्हा आपली बाजू त्यांनी इतकी नेटकी मांडली की तीत बोट शिरकवायला जागा नव्हती. विचार करणे म्हणजे स्वतःशी झगडणे. यंत्र झगडा मोजते. तस्मात् यंत्र विचार करणाऱ्यालाच बाद करते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश वैजयंती घाटे यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"ढोके, याच मेजावर तुम्ही आम्हाला बजावलं होतंत. प्रत्येक बाप येऊन सांगेल की माझं मूल वेगळं आहे, त्या दिवशी नियम वाकवू नका."

"तेव्हा मला हा मुद्दा दिसला नव्हता."

"डॉक्टर तारे, यात तथ्य आहे?"

"आहे, मॅडम. यंत्राला ओढाताण कळते. ती कशाची, ते कळत नाही."

"मग हे तेव्हा का नाही बोललात?" ढोके उसळले.

"बोलले होते, सर. तुम्ही म्हणालात, खरी इच्छा असेल तिथे ओढाताण कशाला होईल? सगळे हसले. मी खाली बसले."

इतिवृत्तात ते वाक्य होते. घाटे मॅडमनी ते काढून दाखवलेसुद्धा. नियमाप्रमाणे तीस दिवसांनी एकदाच फेरतपासणी होईल, एवढाच निर्णय झाला.

पाचव्या दिवशी उत्पलाला झटका आला. दोन्ही मांड्यांत आणि पाठीत. ब्रह्मपुरीच्या रुग्णालयात सलाइन लावून दुपारी वेदना जरा ओसरली, तेव्हा शेजारच्या खाटेवरची मुलगी तिच्याकडे पाहत होती. ती सोनल गुरनुले. तिलाही सिकलसेल, वय पंधरा, पाचवीपासून वसतिगृहात. आणि ती त्याच चाचणीत निवडली गेली होती. ढोके खाटेजवळच्या स्टुलावर वर्तमानपत्र धरून बसले होते.

"तुला किती आले?" उत्पलाने विचारले.

"सहा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, एवढी शुद्ध संमती त्यांनी पाहिलीच नाही."

"काय विचार केलास तेव्हा?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"अगं, रोज रेक्टर मॅडम विचारतात, जेवण चांगलं आहे ना? त्यात विचार काय करायचा? हो म्हणायचं. पहिल्या वर्षी आत काहीतरी व्हायचं. आता होत नाही. फळ्याकडे बघायचं, आवाज आपोआप निघतो."

"पण तुला उपचार हवेत ना?"

"ते नाही विचारलं कोणी," सोनल म्हणाली. "संमती आहे का, एवढंच विचारलं."

वर्तमानपत्र ढोक्यांच्या हातात तसेच होते. पान त्यांनी उलटले नव्हते.

"मला शिकव," उत्पला म्हणाली.

घरी आल्यावर ढोक्यांनी विरोध केला. तो त्यांचा स्वभावच होता. "ही फसवणूक आहे."

"कोणाची? यंत्राची की तुमची?"

"तुझ्या बुद्धीची."

"बुद्धी आहे तिथेच राहील, बाबा. मूत्रपिंडं राहणार नाहीत." तिने चादर बाजूला सारून पाय जमिनीवर टेकवले. ते टेकवताना तिच्या कपाळावर जे उमटले ते त्यांना पाहवले नाही. "मी एकटीनं करू शकत नाही. मुद्दे वाचून दाखवायला कोणीतरी लागेल. तुमच्याइतकं चांगलं कोण वाचेल?"

त्यांनी वाचले. रोज सकाळी साडेसातला, कॉलेजला जाण्यापूर्वी. संमतीपत्रातले नऊ धोके ते स्वच्छ आवाजात एकामागून एक वाचीत आणि उत्पला समोरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे पाहत राही. तिच्या बोटाला नाडी दाखवणारी चिमटी लावलेली असे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक धोक्याला तिचे ओठ किंचित हलत. आत उत्तर जुळत असल्याची ती खूण बापाला लहानपणापासून ठाऊक होती. ती दिसली की ते थांबत, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचीत. दहाव्या दिवशी ओठ हलेनासे झाले. चौदाव्या दिवशी भुवईही स्थिरावली. सोनल अधूनमधून फोनवरून मार्गदर्शन करी. "उत्तर येतंय असं वाटलं ना, की त्याला हाकलू नको. हाकललं की ते जास्त येतं. फक्त बघत बस. जातं."

कुंदाताई स्वयंपाकघरातून हे ऐकत. पहिले काही दिवस त्या टोमणे मारीत. मग त्यांनी मारणे सोडून दिले.

अठराव्या सकाळी ढोक्यांनी नऊ धोके वाचले आणि, आवाजात तसूभर फरक न करता, दहावे वाक्य आपल्या मनाचे जोडले : "तसेच या उपचारात सहभागी व्यक्तीचा डावा पाय कापून टाकावा लागेल. संमती आहे का?"

"हो. आहे," उत्पला म्हणाली.

चिमटीवरचा आकडा बहात्तरचा त्र्याहत्तरही झाला नाही.

ढोक्यांनी कागद मिटला. मिटताना त्याची घडी वाकडी पडली.

"जमलं ना?" तिने विचारले.

"जमलं."

फेरतपासणीत आकडा नऊ आला. डॉ. ताऱ्यांनी उत्पलाचा हात हातात घेतला, तो थोडा जास्त वेळ धरून ठेवला आणि काही विचारावे असे वाटूनही विचारले नाही. प्रमाणपत्र छापून आले : सदर व्यक्तीने स्वेच्छेने, पूर्ण विचारान्ती व निःसंशय मनाने संमती दिली आहे. मसुदा अर्थातच ढोक्यांचा होता. उत्पलाने ते एकदाही न वाचता फाइलीत लावले.

पुढचे सारे ठरल्याप्रमाणे पार पडले. मूळपेशी काढल्या गेल्या, सुधारल्या गेल्या, गोठवून ठेवल्या गेल्या. मधल्या काळात उत्पला अठरा वर्षांची झाली. पण अल्पवयात दाखल झालेल्यांना चाचणी संपेपर्यंत यंत्राचाच नियम लागू राहील, असे कलम होते. या कलमाला घरात कोणीच हरकत घेतली नाही. घरात आता हरकती फारशा निघतच नसत. भाजी कुठली करू, या प्रश्नाला उत्पला 'कुठलीही' म्हणे. कुठल्या महाविद्यालयात अर्ज करायचा, याला 'तुम्ही म्हणाल तिथे' म्हणे. तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, राग नव्हता.

"आठ दिवस झाले, ही माझ्याशी एकदा भांडली नाही," कुंदाताई एकदा दाराच्या चौकटीत उभ्या राहून म्हणाल्या. "पूर्वी तुमचा त्रास व्हायचा दोघांचा. आता मला या घराची भीती वाटते."

"उपचार झाले की सगळं परत येईल," ढोके म्हणाले. त्यांच्याकडे या विधानाला कोणताही आधार नव्हता, हे त्यांना विधान करतानाच कळत होते.

मज्जा जाळणारे औषध सुरू होण्याच्या आदल्या दिवशी संस्थेने सर्वांना पुन्हा बोलावले. दुसऱ्या एका केंद्रात, उपचार पूर्ण झालेल्या अकरा मुलांपैकी एकाच्या मज्जेत संशयास्पद पेशी आढळल्या होत्या. माहितीपत्रकात चार पानांची भर पडली होती. प्रत्येकाने ती वाचून नव्याने संमती द्यायची होती. पालकांनीही सही करायची होती.

उत्पला आत गेली. टोपी चढली, प्रश्न उमटला, हो आले, आकडा आला : आठ. या सगळ्याला अर्धे मिनिटही लागले नाही. सोनल तिच्या आधी तितक्याच वेळात बाहेर आली होती. रांगेतल्या बाकीच्या मुलांनाही त्याहून अधिक वेळ लागत नव्हता.

कॉरिडॉरमध्ये ढोक्यांनी मुलीला गाठले.

"ती चार पानं वाचलीस?"

"नाही."

"उत्पला, त्यात..."

"सांगू नका, बाबा." तिने पहिल्यांदाच बापाच्या तोंडासमोर हात धरला. हात हळुवार होता. "वाचलं की काटा हलतो."

ती बाकावर सोनलशेजारी जाऊन बसली आणि दोघी समोरच्या भिंतीकडे पाहू लागल्या.

ढोके खिडकीशी गेले आणि त्यांनी चारही पाने वाचली; आयुष्यभर वाचीत आले तशी, प्रत्येक उपवाक्य तोलून. तिसऱ्या पानावर ते थांबले. त्या मुलाच्या संशयास्पद पेशी जुन्या मज्जेतल्या की सुधारून पेरलेल्या, हे कुठेच दिले नव्हते. जुन्यातल्या असतील तर धोका औषधाचा होता आणि मात्रा कमी करून तो टाळता येण्यासारखा होता. पेरलेल्यातल्या असतील, तर मुळातच काही चुकले होते, आणि उद्याचा दिवस कोणत्याही मुलावर येऊ नये असा होता. प्रश्न साधा होता. समितीचा सदस्य म्हणून तो विचारण्याचा त्यांना अधिकार होता. अधिकार कसला, तेच त्यांचे काम होते. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर, ते कोणतेही असो, प्रत्येक मुलाला मोठ्याने वाचून दाखवावे लागले असते, आणि त्यानंतर टोपी पुन्हा चढली असती. ऐकणे टाळण्याची सोय नियमात नव्हती. उत्पलाने ऐकले असते. त्या घरात वाढलेली मुलगी हे ऐकून स्विचबोर्डाकडे पाहत राहू शकली नसती; निदान त्यांना अजून तसे वाटत होते. काटा चढला असता. नियमातली एकुलती फेरतपासणी तर ती आधीच वापरून बसली होती.

आणि चढला नसता तर? हा दुसरा प्रश्नही त्यांच्या मनात आला. त्याच्याजवळ ते फार वेळ थांबले नाहीत.

"सर," डॉ. तारे मागून म्हणाल्या. "तुमची सही तेवढी राहिली. तुम्हाला काही विचारायचं आहे का?"

त्या उत्तराची वाट पाहत होत्या. विचारावे, अशी त्यांची इच्छाच असावी असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होते.

"नाही," ढोके म्हणाले.

त्यांनी पाने सारखी केली, खिशातले पेन काढले आणि 'वरील सर्व मजकूर वाचला व समजला' या ओळीखाली सही केली. आत जे चालले होते ते कोणत्याही पडद्यावर उमटले नाही. पालकांची संमती मोजण्याची तरतूद नियमांत नव्हती. समितीच्या इतक्या बैठका झाल्या, पण तशी सूचना कोणी मांडली नव्हती, आणि कोणी मांडली असती तर तिच्याविरुद्ध सर्वांत समर्थ भाषण कोणी केले असते, हे ढोक्यांना चांगले माहीत होते. त्यांनी सहीखाली तारीख घातली आणि कागद ताऱ्यांच्या हाती दिला.